बटाट्यातला श्वास शोधणाऱ्या डॉ. कमला सोहोनी



वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये कधी भल्या पहाटे जाण्याचा योग आला, तर एक दृश्य हमखास दिसते. गाळ्यासमोर ट्रक लागलेला असतो आणि माथाडी बांधव बटाट्याच्या जड गोण्या पाठीवर घेऊन आत नेत असतात. पाहणाऱ्याला वाटते, एक जिवंत माणूस निर्जीव ओझे वाहतो आहे. पण तसे नाही. गोणीतला बटाटाही जिवंत असतो. जमिनीतून काढल्यावरही तो श्वास घेत राहतो. हवेतला प्राणवायू आत घेतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो आणि थोडी ऊबही देतो. म्हणून तर बटाटे हवेशीर जागी ठेवावे लागतात. हवा कोंडली तर बटाट्याचा गाभा आतून काळा पडतो. शीतगृहात ठेवला की त्याचा श्वास मंदावतो आणि तो महिनोन्‌महिने टिकतो.

ओझे वाहणारा माणूस आणि त्याच्या पाठीवरचा बटाटा, दोघेही जगण्यासाठी लागणारी शक्ती मुळात एकाच पद्धतीने मिळवतात. आज ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे. परंतु १९३९ सालापर्यंत तिच्याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये एकमत नव्हते. ही शंका दूर करण्यात एका मराठी मुलीचा मोठा वाटा आहे. तिचे माहेरचे नाव कमला भागवत, आणि पुढे सारे जग तिला डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखू लागले. त्यांना जाऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. या रविवारी आम्ही त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख करून देत आहोत.

विज्ञानाचे घर

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सुरुवातीच्या काळात शिकलेल्यांपैकी ते होते. कमलाबाईंची थोरली बहीण म्हणजे प्रसिद्ध लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत. १९७५ साली कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. आणीबाणीला उघड विरोध करून त्यांनी तुरुंगवासही पत्करला. अन्यायापुढे मान तुकवायची नाही, हा गुण या दोन्ही बहिणींत होता असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.

धाकट्या कमलेने वडिलांची वाट धरली. रसायनशास्त्र हा मुख्य विषय आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन १९३३ साली ती मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. झाली आणि परीक्षेत अग्रक्रम मिळवला. वडील आणि काका जिथे शिकले, त्याच बंगळूरच्या संस्थेत आपणही संशोधन करावे, हे तिच्या मनात पक्के होते. गुणपत्रिका उत्तम होती. अर्ज पाठवला. आता बोलावणे येणार यात घरात कोणालाच शंका नव्हती.

एक नकार आणि एक सत्याग्रह

बोलावणे आले नाही, नकार आला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवणारे, साऱ्या देशाला ज्यांचा अभिमान होता असे थोर शास्त्रज्ञ. मुलींना संशोधन जमत नाही, असे त्यांचे मत होते आणि तेवढ्या कारणावरून त्यांनी अर्ज बाजूला सारला होता.

दुसरी एखादी मुलगी असती तर रडून गप्प बसली असती. कमला भागवत बंगळूरला गेली. परीक्षेत पुढे असूनही केवळ मुलगी म्हणून मला का नाकारता, याचे उत्तर तिला हवे होते. ते काही मिळेना. गांधीजींच्या विचारांचा तिच्यावर प्रभाव होता. तिने संचालकांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह आरंभला. शेवटी रामन यांना माघार घ्यावी लागली. परंतु प्रवेश देताना त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्ष तिला केवळ चाचणीवर घेतले जाईल. तिच्या कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्या कामाला मान्यता मिळणार नाही. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये.

ही तिसरी अट वाचताना आजही मन खट्टू होते. मुलगी अभ्यासाला आली आहे, तर तिच्याकडे दोष म्हणूनच पाहिले गेले. कमलेने अपमान गिळला, अटी मान्य केल्या आणि कामाला लागली. श्रीनिवासय्या नावाचे शिस्तप्रिय पण न्यायी मार्गदर्शक तिला लाभले. दूध आणि डाळी-कडधान्ये यांतील प्रथिनांवर तिने संशोधन केले. ज्या देशात असंख्य लोकांना मांस-मासे रोज परवडत नाहीत, तिथे डाळीतले प्रथिन हा पोटाचा प्रश्न होता. वर्षभरात रामन यांची खात्री पटली. १९३६ साली कमला भागवत विशेष प्रावीण्यासह एम.एस्‌सी. झाली. त्यानंतर त्या संस्थेचे दार मुलींसाठी उघडले. पुढे १९४० साली हवामानशास्त्रात नाव कमावलेल्या ॲना मणी याच संस्थेत रामन यांच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. एकीने दार ठोठावले आणि मागून येणाऱ्यांना ते उघडे मिळाले.

पेशीची चूल

इथे थोडे थांबून आपण कमलाबाईंच्या विषयाकडे वळू या. तो समजला नाही तर त्यांचे मोठेपणही नीट कळणार नाही. विषय शाळेतल्या पुस्तकातला असला तरी आम्ही तो शक्य तितका सोपा करून सांगतो.

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. आपण भात-भाकरी खातो, तिचे पचन होऊन साखर तयार होते, ती रक्तावाटे प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचते. या साखरेत शक्ती साठवलेली असते. पण पेशीला ती जशीच्या तशी वापरता येत नाही. बसच्या कंडक्टरला पाचशेची नोट देऊन चालत नाही, त्याला सुटे पैसे लागतात. तसेच पेशीलाही शक्तीचे सुटे पैसे लागतात. या सुट्या पैशांना शास्त्रज्ञ एटीपी म्हणतात. स्नायू हलवायचा, मेंदूने विचार करायचा, जखम भरून काढायची, प्रत्येक ठिकाणी पेशी हेच नाणे खर्च करते. एटीपीचा शोध १९२९ साली लागला. जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि अमेरिकेत फिस्के व सुब्बाराव या जोडीला. यातले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमवरमचे. म्हणजे या विषयात भारतीय नाव कमलाबाईंच्या आधीही आहे.

आता नोट मोडून सुटे कसे होतात? पहिली पायरी प्राणवायूशिवाय होते, पण तीत मिळकत अगदी थोडी. साखरेच्या एका रेणूमागे अवघी २ नाणी. खरी मिळकत पुढे होते. पेशीच्या आत तंतुकणिका नावाची बारीक दालने असतात. त्यांना पेशीच्या चुलीच म्हणावे. तिथे साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्या वाहकाकडे दिले जातात. मार्केटमध्ये ट्रकपासून गाळ्यापर्यंत माणसांची रांग उभी राहावी आणि प्रत्येकाने पेटी पुढच्याच्या हातात द्यावी, तसेच हे चालते. रांगेच्या अगदी शेवटी प्राणवायू उभा असतो. तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचे पाणी बनते. आपण श्वासाबरोबर जो प्राणवायू घेतो, त्याचे मुख्य काम हेच.

या देवाणघेवाणीत जी शक्ती सुटते तिचे काय होते, हे कोडे पुढे १९६१ साली पीटर मिचेल यांनी उलगडले आणि त्याबद्दल त्यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खोपोलीच्या वीजकेंद्रात डोंगरावर साठवलेले पाणी नळातून खाली सोडून चक्र फिरवतात आणि वीज निर्माण करतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पेशीतही जवळजवळ तसेच घडते. सुटलेली शक्ती वापरून हायड्रोजनचे भारित कण पडद्याच्या एका बाजूला साठवले जातात. ते परत येताना एक अतिसूक्ष्म चक्र फिरवतात आणि त्या चक्रातून एटीपी तयार होते. अशा रीतीने साखरेच्या एका रेणूमागे सुमारे ३० नाणी पदरात पडतात. कुठे २ आणि कुठे ३०! ही चूल विझली तर माणूस काही मिनिटांतच मरतो. सायनाइड हे विष इतके जालीम आहे, कारण ते रांगेतला शेवटचा हातच धरून ठेवते आणि प्राणवायू समोर असूनही पेशी गुदमरतात.

बटाट्याचे उत्तर

या रांगेतल्या काही वाहकांना सायटोक्रोम म्हणतात. केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली त्यांना हे नाव दिले. या प्रथिनांमध्ये लोह असते. प्रकाश सात रंगांत पसरवून पाहण्याच्या छोट्या उपकरणातून कीटकांचे स्नायू आणि यीस्ट पाहताना कायलिन यांना ठरावीक जागी गडद पट्टे दिसले होते. तीच या प्रथिनांची खूण. वनस्पतींमध्येही त्यांना अशा खुणा आढळल्या होत्या. परंतु वनस्पतींचा श्वास खरोखर याच वाटेने चालतो का, हा प्रश्न बाकी होता.

बटाट्याचे उदाहरण घ्या. चिरलेला बटाटा पाण्यात न घालता तसाच ठेवला तर थोड्या वेळाने काळपट पडतो, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. हे काम हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने एक वेगळेच विकर, म्हणजे एन्झाइम, करत असते. ते बटाट्यात भरपूर असते. म्हणून काही शास्त्रज्ञांना वाटे की वनस्पतीचा श्वास या विकरावर चालतो आणि प्राण्यांची वाट निराळी आहे.

कमला भागवत शिष्यवृत्ती मिळवून १९३७ साली केंब्रिजला पोहोचली. न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात तिची नोंदणी झाली. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ साली नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली. आधी डेरेक रिक्टर आणि ते निघून गेल्यावर रॉबिन हिल हे तिचे मार्गदर्शक झाले. हिल हे वनस्पतींचे मोठे जाणकार. हिरव्या पानातून प्राणवायू कसा सुटतो, यावरचे त्यांचे काम आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

हिल यांच्या हाताखाली कमलेने बटाट्यावर काम सुरू केले. आणि या साध्या कंदात तिला सायटोक्रोम सी सापडले. प्राण्यांच्या स्नायूत जो वाहक रांगेच्या शेवटाजवळ उभा असतो, तोच इथेही होता. त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन प्राणवायूला देणारे विकरही फुलझाडांमध्ये असल्याचे हिल आणि भागवत यांनी दाखवून दिले. त्यांचे टिपण १९३९ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. बटाटा काळा पाडणारे विकर आपल्या जागी असते, परंतु श्वासाची मुख्य वाट तीच, जी माणसाची.

यानंतरच्या काळात या प्रथिनाचा खूप अभ्यास झाला. माणसाचे सायटोक्रोम सी १०४ अमिनो आम्लांची माळ आहे. चिंपांझीचे तंतोतंत तसेच असते. यीस्टचे आणि झाडांचे काही मण्यांपुरते वेगळे असते, पण माळ तीच ओळखू येते. सजीवांची एकमेकांशी किती जवळीक आहे, हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ या प्रथिनाचा फूटपट्टीसारखा उपयोग करू लागले. आणि १९९६ साली आणखी एक गोष्ट कळली. पेशी फार बिघडली आणि तिने स्वतःला संपवायची वेळ आली की हेच सायटोक्रोम सी चुलीबाहेर पडून तसा निरोप देते. जगवणाराच निरोपाची वेळही सांगतो.

कमलेचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता. सुमारे १४ महिन्यांत तिने तो पूर्ण केला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. तिच्याआधी वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना १९३१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली होती, हे इथे सांगितले पाहिजे. तरीही केंब्रिजहून विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून कमलाबाईंचेच नाव घेतले जाते. मुलींना संशोधन जमत नाही, असे ऐकून घेतलेली ही मुलगी होती. तिनेच दाखवले की माणूस, यीस्ट आणि बटाटा यांच्या पेशीत एकच मंद आच तेवते. इतक्या भिन्न जीवांत जर एकच चूल असेल, तर स्त्री आणि पुरुष यांच्या बुद्धीत वेगळी चूल कुठून येणार?

मायदेशी परत

परदेशात राहून मोठे नाव मिळवणे त्यांना कठीण नव्हते. परंतु देश स्वातंत्र्यासाठी झगडत होता आणि आपले ज्ञान आपल्या माणसांच्या कामी यावे असे कमलाबाईंना वाटत होते. १९३९ साली त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजमध्ये त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाल्या. पुढे निलगिरीतील कुन्नूर येथील आहार संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. हीच संस्था पुढे हैदराबादला हलवण्यात आली. कुन्नूरला काम भरपूर होते, पण पुढे जाण्याची वाट त्यांना दिसत नव्हती.

१९४७ साली त्यांचा विवाह मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला. ते विमाशास्त्रातील गणिती होते. कमलाबाई मुंबईला आल्या आणि फोर्टातील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली आणि स्वयंपाकघराशी नाते असलेले संशोधन हाती घेतले.

वालाची उसळ

आम्हां कोकणपट्टीच्या लोकांच्या घरी वालाची उसळ असली की वाल आदल्या दिवशी भिजत घातले जातात, मोड आणले जातात, सोलले जातात आणि मगच शिजवले जातात. घाईत अर्धकच्चे खाल्ले तर पोट दुखते, हे आईने सांगितलेले असते. यामागचे शास्त्र काय, हा कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा एक भाग होता. कच्च्या कडधान्यांमध्ये असे काही पदार्थ असतात की ते पोटातील प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवतात. त्यामुळे ताटात प्रथिने असूनही ती पुरती अंगी लागत नाहीत. आपल्याकडील खाद्यपदार्थांत असे पदार्थ कुठे आढळतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९५४ साली तो प्रसिद्ध केला. नीट शिजवल्याने यातला मोठा भाग नाहीसा होतो. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या करत होत्या ते बरोबरच होते, आणि प्रयोगशाळेने त्याचे कारण सांगितले.

आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी सल्ला दिला. मुंबईच्या घरोघरी जे दूध जात असे, त्यामागे त्यांच्यासारख्यांचे ज्ञान होते.

नीरेचा पेला

कमलाबाईंचे सर्वांत लोकोपयोगी काम नीरेवरचे. ताड, माड आणि शिंदीच्या झाडापासून मिळणारा हा गोड रस आपल्याला परिचित आहे. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरील नीरेची दुकाने अनेक वाचकांच्या आठवणीत असतील. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्व तसेच लोह चांगल्या प्रमाणात असते, आणि तिचा गूळ व काकवी केल्यावरही ते टिकून राहते, असे त्यांच्या गटाला आढळले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना आहाराबरोबर नीरा दिली असता त्यांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा दिसली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्काराने गौरवण्यात आले.

नीरेची एक अडचणही आहे आणि तिचा संबंध पुन्हा पेशीच्या चुलीशीच येतो. नीरा ताजी आणि थंड ठेवावी लागते. उन्हात ठेवली की ती आंबते आणि तिची ताडी होते. हे काम यीस्टच्या पेशींचे. प्राणवायू पुरेसा नसला की यीस्ट साखर पूर्ण न जाळता अर्ध्यातच सोडते आणि त्यातून अल्कोहोल तयार होते. यीस्टच्या पदरी प्रत्येक रेणूमागे तीच २ नाणी पडतात, बाकीची शक्ती अल्कोहोलमध्ये तशीच अडकून राहते. म्हणून तर दारूला काडी लावली की ती पेटते. एकाच झाडाचा एकच रस. वेळेवर प्याला तर कुपोषित मुलाच्या अंगी लागतो, आणि वेळ टळली तर त्याच घरातल्या बापाचा पगार आणि आरोग्य खाऊन टाकतो. ज्या घरांनी हे सोसले आहे, त्यांना अधिक सांगणे नको.

उशिरा मिळालेला मान

बंगळूरला पहिला नकार मिळाला होता, तसा मुंबईतही काही काळ वाट्याला आला. संचालकपदावर त्यांचा हक्क असूनही ते पद त्यांना सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले. स्त्री असणे हेच यामागचे कारण असल्याचे त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. अखेरीस त्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी मिळून कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संघटना उभी केली. कमलाबाई या संघटनेत हिरिरीने काम करत. १९८२-८३ या वर्षी त्या अध्यक्षही झाल्या. संघटनेच्या 'कीमत' या मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. केंब्रिजमध्ये बटाट्याचा श्वास तपासणारी बाई उतारवयात सामान्य गृहिणीच्या पिशवीतला माल शुद्ध आहे का, याची काळजी वाहत होती. दोन्ही कामे त्यांनी सारख्याच निष्ठेने केली.

वाशीतली एक संस्था

आपल्या नवी मुंबईशी या कहाणीचा आणखी एक धागा जुळतो. १९७३ साली स्थापन झालेल्या इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन या महिला शास्त्रज्ञांच्या संस्थेचे मुख्य कार्यालय वाशीला, सेक्टर १० ए मध्ये आहे. याच संस्थेने १९९७ साली कमलाबाईंचा सत्कार केला. त्या वेळी त्या अतिशय वृद्ध झाल्या होत्या. सत्काराला उत्तर देताना त्यांनी चौसष्ट वर्षांपूर्वीची ती घटना सांगितली. रामन फार मोठे शास्त्रज्ञ होते हे त्यांनी नाकारले नाही. पण स्त्रियांच्या बाबतीत त्यांचा दृष्टिकोन संकुचित होता आणि आपल्याला मिळालेली वागणूक आपण कधीही विसरू शकलो नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. नोबेल मिळवलेला माणूस असा वागतो, तर इतरांकडून काय अपेक्षा ठेवायची, हा त्यांचा सवाल होता.

आम्हांला ही गोष्ट फार विचार करायला लावते. पदवी मिळाली, शोध लागला, राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, संचालकपद मिळाले. तरी तरुणपणी बसलेला तो एक घाव चौसष्ट वर्षे भरला नाही. आपण घरात सहज बोलून जातो. मुलीला गणित कशाला, प्रयोगशाळेची नोकरी तिला झेपणार का, लांबच्या कॉलेजला पाठवून काय करायचे? बोलणारा विसरतो. ऐकणारीच्या मनात ते कायमचे राहते. आणि प्रत्येक मुलगी कमला भागवतसारखी दाराशी सत्याग्रह करत नाही. पुष्कळ जणी मुकाट्याने परत फिरतात. त्यांनी काय शोधले असते, हे आपल्याला कधीच कळत नाही.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजेच आयसीएमआरने, दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार समारंभ आयोजित केला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच, २८ जून १९९८ रोजी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. मान मिळाला, पण फार उशिरा मिळाला. पुढे १८ जून २०२३ रोजी गूगलने त्यांच्या जन्मदिनी आपल्या पानावर त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा अनेक मराठी घरांतल्या मुलांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

वाचकहो, आज घरी बटाट्याची भाजी होणार असेल तर चिरायला घेण्यापूर्वी तो बटाटा क्षणभर मुलांच्या हातात द्या. त्यांना सांगा की हा जिवंत आहे, आपल्यासारखाच श्वास घेतो आहे, आणि ही गोष्ट शोधणाऱ्यांमध्ये एक मराठी मुलगी होती. घरात दहावी-बारावीतली एखादी लेक असेल आणि तिला शास्त्र शाखेला जायचे असेल, तर फॉर्म भरण्याच्या दिवशी तिच्यासोबत जरूर जा.